घाटावरची शिरगणती

वऱ्हाडात पाणी पाहायला जाणे ही एक स्वतंत्र यात्राच आहे. कोकणातल्या किंवा मावळातल्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. परंतु ज्या मुलखात वर्षाचे आठ महिने नदी म्हणजे रेतीचा पट्टा आणि त्यात मधूनमधून साचलेले डोह, हेच चित्र लहानपणापासून डोळ्यांत बसलेले असते, आणि ज्या आमच्या मूर्तिजापूर तालुक्यात पूर्णेच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या खारपाण पट्ट्यामुळे विहिरीला पाणी लागले तरी ते तोंडात धरवेल याची शाश्वती नसते, त्या मुलखातील माणूस श्रावण-भाद्रपदात चार पैसे गाठीला बांधून, घरच्या मंडळींसह, उंचावरून कोसळणारे गोडे पाणी पाहण्यासाठी दिवसभराची वाट तुडवतो, यात नवल ते कोणते? कोणी चिखलदऱ्याला भीमकुंडाच्या कड्यावर उभा राहतो, कोणी मुक्तागिरीला जैन मंदिरांच्या सान्निध्यात कोसळणारा प्रपात पाहून येतो, कोणी पैनगंगेच्या सहस्रकुंडाकडे वळतो, आणि वरूड-मोर्शीकडची मंडळी वर्धा नदीच्या पात्रातील झुंजेचा धबधबा गाठतात. सकाळच्या पहिल्या गाडीने निघावे, भाकर-ठेच्याची शिदोरी काठावर सोडावी आणि दिवेलागणीला घरी परतावे, असा हा साधा, अल्पखर्ची आणि निरुपद्रवी आनंद आहे. निदान तो निरुपद्रवी असावयास हवा.

ज्या ठिकाणी धबधबा नदीच्या पात्रातच असतो आणि तेथवर सडक पोहोचत नाही, त्या ठिकाणी डोंगा लागतो. काठावर उभे राहून प्रपात पाहणे आणि नदीच्या अंगाखांद्यावरून त्याच्याकडे जाणे या दोहोंत फार अंतर आहे. नावेत बसलेल्या माणसाची नजर पाण्याच्या पातळीवर येते. वळणापलीकडचा प्रपात दृष्टीस पडण्याच्या कितीतरी आधी त्याचा घोष कानी येऊ लागतो. मग शांत, गढूळ पाण्यावरून फेसाचे पांढरे पुंजके तरंगत येताना दिसतात, वल्ह्याला लागणारा जोर वाढतो, हवेत गारवा येतो, आणि नावेतले बोलणे आपोआप थांबते. हा अनुभव श्रीमंतांची मिरास नव्हे. आयुष्यात ज्याला समुद्र पाहावयास मिळणार नाही, अशा माणसालाही तो आपल्या जिल्ह्यातल्या नदीवर थोडक्या पैशांत मिळू शकतो, म्हणून तो टिकला पाहिजे, असे माझे प्रथमपासूनचे मत आहे. आणि तो टिकावयाचा असेल तर काय केले पाहिजे, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यात वर्धा नदीत एक नाव उलटली आणि अकरा जण बुडाले. गणपती बसून चार दिवस झाले होते, वऱ्हाडात घरोघरी महालक्ष्म्यांचे दिवस होते, आणि ही मंडळी मात्र आप्ताच्या दशक्रियेसाठी नदीवर जमली होती. विधी आटोपल्यावर ती नावेत बसून झुंजेचा धबधबा पाहावयास निघाली आणि वाटेत नाव उलटली. मृतांत पुष्कळसे एकमेकांचे नातलग होते. एका मृत्यूचे दहाव्या दिवसाचे पाणी सोडावयास आलेल्या गोतावळ्यावर इतक्या मृत्यूंचा घाला एकाच वेळी पडावा, यासारखी दारुण घटना आमच्या भागाच्या अलीकडच्या इतिहासात क्वचितच घडली असेल.

त्या वेळी काही सुशिक्षितांच्या तोंडून, सुतकाच्या दिवशी धबधबा पाहावयास जाण्याचे कारणच काय होते, असा सवाल मी ऐकला. सवाल करणाऱ्यांनी आपल्या समाजाचे चलनवलन पुरते पाहिलेले नसावे. आमच्याकडे दूरदूरच्या गावी पांगलेले नातेवाईक एकत्र येतात ते लग्नाला, नाही तर दहाव्याला. भाऊ भावाला वर्षावर्षाने भेटतो तो नदीकाठी, डोक्यावरून वस्तरा फिरवून घेताना; सासुरवाशिणींची गाठ पडते ती पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहताना. विधी संपला की लेकरे कंटाळलेली असतात, मोठ्यांची मने जड झालेली असतात, आणि हाकेच्या अंतरावर वाहते पाणी कोसळत असते. अशा वेळी ‘चला, पाहून येऊ’ असे कोणी म्हटले तर तो उथळपणा नव्हे. शोकाने आवळलेल्या मनाने मोकळा श्वास घ्यावयाचा तो प्रयत्न असतो. ते लोक तेथे गेले हा त्यांचा अपराध नव्हता. त्यांना नेणारी नाव किती माणसांसाठी होती, त्या दिवशीचे पाणी नाव घालण्याजोगे होते की नव्हते, आणि हे दोन प्रश्न विचारण्याची मुखत्यारी त्या काठावर कोणाकडे होती, हे खरे विचारावयाचे प्रश्न आहेत.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर आपल्याकडे तीन प्रकारची उत्तरे ठरलेली असतात. पहिले दैवाचे: वेळ भरली होती, नदी दरसाल माणूस घेतेच. भारतात बुडून मरणाऱ्यांची नोंद एका वर्षात पस्तीस हजारांच्या वर जाते. इतकी माणसे केवळ ग्रहगतीने मरतात असे मानावयाचे असेल, तर मग धरणांचे दरवाजे, विहिरींचे कठडे आणि पुलांचे कथडे हे सारेच व्यर्थ म्हणावे लागेल.

दुसरे उत्तर मनाई हुकुमाचे. नदीवर, तलावावर, धबधब्यावर पाचाहून अधिकांनी जमू नये, अमुक रेषेपलीकडे जाऊ नये, नावा घालू नयेत, असा हुकूम निघतो, फलक लागतो, आठ दिवस दोन शिपाई तैनात राहतात आणि नवव्या दिवशी फलकाच्या खांबाला कोणी म्हैस बांधतो. तात्पुरता मनाई हुकूम आवश्यक असतो, हे मला मान्य आहे. परंतु कायमची मनाई हा बंदोबस्ताचा आभास आहे, कारण बंद झालेल्या घाटावरची नाव दोन शेते पलीकडे, झाडाआडून, कोणाच्याही नजरेखाली नसताना सुटते. शिवाय सगळ्याच नावा सहलीच्या नसतात. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत नाव उलटून सहा मजूर स्त्रियांना जलसमाधी मिळाली. त्या पलीकडच्या तीरावर मिरची तोडणीच्या कामाला चालल्या होत्या. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या जलाशयात, करमाळा आणि इंदापूर या तालुक्यांच्या दरम्यान, वादळी वाऱ्यात नाव बुडून सहा जण दगावले. ज्यांची रोजी पलीकडच्या काठावर आहे आणि ज्यांना पुलाचा वळसा परवडत नाही, त्यांना ‘नावेत बसू नका’ असे सांगणे म्हणजे ‘उपाशी राहा’ असे सांगणेच होय.

तिसरे उत्तर कागदाचे: परवाना, करारनामा, मक्ता. याची परीक्षा चामोर्शीच्या घटनेच्या पाचच दिवस आधी, १८ जानेवारी २०२४ रोजी, बडोद्याच्या हरणी तलावावर झाली. तेथे रानात लपवलेला डोंगा नव्हता. शहरातच, रीतसर मक्त्याने चाललेला नौकाविहार होता, आणि तरीही क्षमतेहून अधिक मुले एका नावेत बसवली गेली, पुष्कळांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते, आणि बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका प्राणांस मुकल्या. कागद होता; त्या कागदाच्या आज्ञेने नाव सुटण्यापूर्वी माणसे मोजणारा कोणी नव्हता.

कागद आणि मोजणी यांतील हे अंतर इंग्लंडसारख्या दर्यावर्दी राष्ट्रालाही फार उशिरा उमगले. एकोणिसाव्या शतकात तेथील काही मालक विम्याच्या भरवशावर जुनाट जहाजे वाजवीपेक्षा अधिक माल भरून समुद्रात लोटीत. जहाज पोहोचले तर नफा, बुडाले तर विमा. सॅम्युएल प्लिमसॉल या खासदाराने याविरुद्ध वर्षानुवर्षे रान उठवले, तेव्हा १८७६ साली कायदा झाला, की प्रत्येक जहाजाच्या अंगावर भाराची मर्यादा दाखवणारी रेषा रंगवलेली असावी. परंतु ती रेषा कोठे रंगवावी हे त्या कायद्याने मालकाच्याच मर्जीवर सोडले होते; एका कप्तानाने ती थेट धुराड्यावर ओढली, अशी आख्यायिका आहे. पुढे १८९० साली रेषेची जागा ठरवण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतला, तेव्हा कोठे तिला अर्थ आला. मर्यादा आखणारा आणि ती मोडून नफा मिळवणारा हे दोघे एकच असले, तर मर्यादा राहत नाही, हा तो बोध आहे, आणि सागरगामी जहाजापासून वर्धेवरच्या डोंग्यापर्यंत तो सारखाच लागू पडतो.

नाव उलटते कशी, हे एकदा जवळून पाहिले पाहिजे. काठाला लागलेल्या रिकाम्या डोंग्याची कड पाण्यापासून हातभर वर असते. माणसे चढू लागली की ती उतरत जाते. जाणता नावाडी धिप्पाड माणसांना मध्ये बसवतो, लेकरांना मोठ्यांच्या पायांशी खाली फळीवर घेतो, दोन्ही अंगांचे वजन डोळ्यांनी तोलतो, आणि कड व पाणी यांत वीतभर अंतर उरले की हात आडवा धरतो. परंतु ‘अजून दोघे राहिले हो, एकाच घरची आहेत’ अशी काठावरून विनवणी होते, दोघांचे चौघे होतात, आणि वितीची चार बोटे उरतात. तरीही संथ पाण्यात नाव चालते, म्हणून धीर येतो. मग प्रपाताजवळचे ओढ घेणारे, भोवऱ्याचे पाणी लागते, समोरचे दृश्य पाहून कोणी उभा राहतो, कोणी छायाचित्र घेण्यासाठी एका अंगाला सरकतो, त्याच्यापाठी आणखी तिघे सरकतात. कडब्याची गाडी जितकी उंच रचावी तितकी ती उतरणीला कलंडण्याचे भय अधिक, तसेच येथेही आहे: बसलेली माणसे उभी राहिली की भाराचा मध्य वर चढतो, आणि पाण्यापासून चार बोटांवर आलेली कड एका हेलकाव्यात पाणी घेते. आत आलेले पाणी खालच्या बाजूलाच धावते आणि तीच बाजू आणखी दाबते. यापुढे नावाड्याच्या हाती काहीही उरत नाही. त्याच्या हाती जे होते ते सारे काठावर होते, हात आडवा धरण्याच्या त्या एका क्षणात होते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की नावेची सुरक्षितता नदीत सिद्ध होत नाही, ती घाटावर सिद्ध होते. आणि ‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार ज्याच्यापाशी आहे, असा एक माणूस घाटावर असल्यावाचून ती सिद्ध होणार नाही. आज तो अधिकार नावाड्याचा आहे असे आपण समजतो. वस्तुतः तो त्याच्यापाशी नाही. भोई, ढिवर किंवा केवट समाजातला हा माणूस बहुधा हातावर पोट असलेला असतो. त्याची मजुरी माणशी ठरते, त्याचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा असतो, नावेत चढणाऱ्यांत गावचे प्रतिष्ठित असतात, नातलग असतात, आणि सणासुदीच्या दिवशी काहींच्या तोंडाला दारूचा वासही येत असतो. अशा माणसाने एकट्याने सरपंचाच्या पाहुण्यांना ‘तुम्ही पुढल्या खेपेस’ असे सांगावे आणि वर त्या खेपेची मजुरी बुडवून घ्यावी, ही अपेक्षा धरणे म्हणजे समाजाची जबाबदारी सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकून मोकळे होणे आहे.

कायदा नाही असे नाही. १८७८ च्या उत्तर हिंदुस्थानातील तरींच्या कायद्याने, जो मध्य प्रांतासही लागू होता, सार्वजनिक तरींचे मक्ते, उताराचे दर आणि नावेत घ्यावयाच्या उतारूंची संख्या यांविषयी नियम करण्याची तजवीज केली होती. संसदेने केलेल्या नव्या अंतर्देशीय जलयान अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती ११ ऑगस्ट २०२१ रोजी, म्हणजे वरूडच्या दुर्घटनेच्या जेमतेम महिनाभर आधी. त्यात वल्ह्यांनी चालणाऱ्या, यंत्रहीन नावांची नोंदणी जिल्हा, तालुका वा ग्रामपंचायतीच्या पातळीवरून करून घेण्याचीही सोय आहे. कायद्याचा हात ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचला आहे. तो तेथून घाटाच्या पायरीपर्यंत पोहोचावयाचा आहे. आणि खेदाची गोष्ट अशी, की आज आमच्या तहसील कचेरीत घाटाचा लिलाव निघतो तो रेतीचा. नदीतून बाहेर पडणारी रेती ब्रासच्या मापाने मोजली जाते, तिच्या पावत्या फाडल्या जातात, रात्रीअपरात्री भरारी पथके तिच्यासाठी रस्ते अडवतात. त्याच नदीत उतरणारी माणसे मोजण्यासाठी मात्र कोणत्याही दफ्तरात रकाना नाही.

हा उपाय परक्या विद्वत्तेतून शोधून आणावा लागेल असे नाही. ज्यांचे बालपण आमच्याच तालुक्यातील दापुरे येथे पूर्णेच्या काठी, गुरे राखण्यात आणि पोहण्यात गेले, त्या गाडगेबाबांचे उदाहरण घराशेजारचे आहे. पौष महिन्यातल्या रविवारी ऋणमोचन येथे पूर्णेवर मोठी यात्रा भरते. काठावरच्या चिखलात बायाबापड्या, म्हातारीकोतारी घसरून पडत, तेव्हा यात्रा बंद करा असे बाबांनी सांगितले नाही, आणि भाविकांच्या अज्ञानावर कीर्तनात कोरडे ओढून तेवढ्यावर ते थांबलेही नाहीत. त्यांनी स्वतः दगड वाहून वाट केली, लोकांना हात देऊन उतरवले, आणि पुढे १९०८ साली तेथे पक्का घाट उभा राहिला. माणसे नदीवर येणारच, हे त्यांनी गृहीत धरले आणि म्हणून नदीवर पायऱ्या बांधल्या. सार्वजनिक कामाची याहून शहाणी रीत मला ठाऊक नाही.

त्याच रीतीने आज काय करता येईल? जेथे जेथे नाव चालते तेथे तिच्या दोन्ही अंगांवर तहसीलदाराच्या देखरेखीखाली भाराची पांढरी रेषा ओढावी आणि माणसांचा आकडा ठसठशीत देवनागरी अक्षरांत लिहावा, म्हणजे काठावरच्या शाळकरी पोरालाही तो वाचून ‘एक जास्त आहे’ असे ओरडता येईल. घाटाच्या खडकावर तांबडी खूण असावी. पाणी त्या खुणेला लागले की त्या दिवशी नाव नाही. कावेरीवर होगेनक्कल येथे परडीसारख्या गोल नावांत बसून लोक प्रपाताच्या पायथ्याशी जातात. तेथे वरच्या अंगास बिलिगुंडुलू येथे नदीची आवक मोजली जाते, ती वाढली की धर्मपुरीचे जिल्हाधिकारी नावा बंद करतात आणि ओसरली की खुल्या करतात. नर्मदेवर भेडाघाटचा नौकाविहार पावसाळ्यात बंदच ठेवतात. ही मनाई कायमची नसते आणि तिचे कारण डोळ्यांना दिसते, म्हणून लोक ती मानतात. यात्रेच्या, सणाच्या आणि पूरहंगामाच्या दिवसांत गावचा कोतवाल घाटावर बसवावा. शिरगणती त्याने करावी, उतारूंची नावे वहीत टिपावीत, आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणास चढू देऊ नये. ही जॅकेटे ग्रामपंचायतीच्या मालकीची असावीत आणि त्यांत लेकरांच्या मापाचीही असावीत, कारण मोठ्याचे जॅकेट लेकराच्या अंगातून पाण्यात निसटते. आणि सर्वांत महत्त्वाचे, नाव बंद राहील त्या दिवसाची ठरीव मजुरी नावाड्याला मिळावी. ज्याला ‘नाही’ म्हटल्यावर चूल पेटण्याची हमी आहे, तोच निर्धास्तपणे ‘नाही’ म्हणू शकतो. पैसा कोठून आणावा, असे विचारले जाईल. नदीच्या रेतीपासून येणाऱ्या महसुलाचा एक लहानसा हिस्सा नदीत उतरणाऱ्या माणसांसाठी राखून ठेवण्यात अन्याय तो काय?

यावर कोणी म्हणेल, की एवढ्या बंदोबस्ताने सहलीतला मोकळेपणा जाईल. मला तसे वाटत नाही. आगगाडीच्या डब्यात सांखळी असते म्हणून प्रवासाची गंमत कमी होत नाही. उलट आज घरातली वडीलधारी माणसे लेकीसुनांना नावेत बसू देत नाहीत, ती भयापोटी. ते भय दूर झाले तर ज्यांनी आजवर नदी केवळ पुलावरून पाहिली, अशा कितीतरी जणी तिच्या पात्रातून प्रपातापर्यंत जाऊन येतील.

अखेरचे दोन शब्द सरकारला नव्हे, तर आपल्या सर्वांना, जे काठावर उभे राहून नाव भरताना पाहतात. कोतवाल नेमला, रेषा ओढली, आकडा लिहिला, तरी भरल्या नावेत आणखी एकाला ढकलणारे हात आपलेच असतात. एस.टी.च्या दारात लोंबकळण्याची सवय आपण घाटावरही घेऊन जातो, आणि ‘सरका की जरा’ हे आपले आवडते सार्वजनिक वचन पाण्यावरही उच्चारतो. नावाड्याने हात आडवा धरला की त्याच्याशी हुज्जत न घालता मागे सरणे आणि दुसऱ्याने हुज्जत घातली तर नावाड्याची बाजू घेणे, एवढे नागरिकत्व ज्याच्या अंगी असेल त्यानेच नदीवर जावे. पुढच्या खेपेला फार तर अर्धा तास थांबावे लागते, आणि तेवढा वेळ खर्चून सारे कुटुंब घरी परत येत असेल, तर या मुलखात त्याहून स्वस्त सौदा दुसरा नाही.